चौक कोणी लिहिला, ते नाव विचारा

होळी सरली की पालघर जिल्ह्यातल्या पाड्यापाड्यांवर लगीनसराईची धांदल उडते. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार या तालुक्यांतल्या वारली घरांच्या भिंती शेणामातीने सारवल्या जातात, त्यांवर गेरूचा हात फिरतो आणि सवासिनी बसून तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात. चौकाशिवाय लग्न लागत नाही, आणि ते लावायला येते तीही बाईच असते, धवलेरी. सगळे विधी, सगळी गाणी तिला तोंडपाठ. आज आपल्या साड्यांवर, चहाच्या कपांवर, शाळांच्या आवारात आणि रेल्वे स्थानकांवर जी चित्रकला आपण ‘वारली’ म्हणून मिरवतो, तिचे मूळ या बायांच्या हातात आहे. त्या बायांपैकी पाच जणींची नावे सांगा म्हटले, तर आपल्यातले शिकलेसवरलेले, प्रदर्शनांना आवर्जून जाणारे लोकही गप्प होतील.

म्हणून हे आवाहन. येत्या लगीनसराईत ही नावे लिहून घ्या. चित्र विकत घेताना, भिंत रंगवून घेताना, शाळेत वारली शिकवताना हात कोणाचा आहे ते विचारा, आणि ज्या हाताने काम केले त्या हातात मोबदला पडेल असे बघा. हे आता झाले नाही तर पुढे करायला माणसेच उरणार नाहीत.

संधी मिळाली तर चौक लिहिला जात असताना जवळ बसून पाहा. बांबूची काडी दातांनी चावून तिचे टोक मऊ केलेले असते. वाटीत तांदळाचे पीठ पाण्यात कालवलेले असते. ओल्या पिठाची रेघ गेरूवर लगेच नीट दिसत नाही, वाळत जाईल तशी ती पांढरी उमटते. म्हणजे बाई जी रेघ ओढते ती धड दिसण्याआधीच पुढची ओढते, आणि तरीही चौकटीच्या चारही बाजू नेमक्या जुळतात. पट्टी नाही, पेन्सिलीची आखणी नाही, खोडरबर नाही. आधी चौकटीच्या नक्षीदार पट्ट्या, मग मधोमध पालघट देवी, भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी, बाशिंग, झाडे. शेजारी लहानसा देवचौक आणि त्यात पंचशिऱ्या देव. उकिडवे बसून तासन् तास चालणारे हे काम, अंगणात पाहुण्यांचा गलबला आणि कडेवरचे पोर सांभाळत होत असते. कुठल्याही कलामहाविद्यालयातल्या शिक्षकाने ती रेघ पाहिली तर तो थबकेल. पण या बाईला आपण चित्रकार म्हणत नाही. तिच्या कामाला आपण ‘प्रथा’ म्हणतो, आणि प्रथेला कर्ता नसतो असे आपणच ठरवून टाकले आहे.

हे कसे झाले, ते नीट समजून घ्यायला हवे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे मराठी चित्रकार सरकारच्या हस्तकलाविषयक कामातून या मुलखात आले. भिंतीवरची कला कागदावर यावी आणि तिला बाहेर बाजार मिळावा, हा त्यांचा प्रयत्न होता. चौक लिहिणाऱ्या बाया कागद पाहून बिचकल्या आणि जिव्या सोमा म्हसे हा माणूस पुढे झाला, असे आजवर सांगितले जात आले आहे. १९७५ मध्ये मुंबईत केमोल्ड गॅलरीत म्हसे यांची चित्रे लागली. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. म्हसे यांच्या मोठेपणाला बोट लावण्याचा माझा हेतू नाही, कोणी तसा अर्थ काढू नये. लग्नाच्या चौकटीतून बाहेर पडून शेत, मासेमारी, तारपा नाच, मुंग्यांची रांग, रोजचे जगणे हे सगळे त्यांनी ज्या ताकदीने कागदावर आणले, ते त्यांचेच कर्तृत्व आहे. त्यांच्यामुळे किती तरी तरुणांच्या घरी चूल पेटली. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडून गेली आणि तिची दखल फारशी कोणी घेतली नाही. भिंतीवर असेपर्यंत ही कला बायांची होती. तिला पैसा, प्रवास आणि सही मिळू लागली तेव्हा ती पुरुषांची झाली.

‘बायाच पुढे आल्या नाहीत’ हे उत्तर मला कधीच पटलेले नाही, आणि न पटण्याला सबळ कारण आहे. हेच भास्कर कुलकर्णी त्याआधी बिहारमध्ये मिथिलेत गेले होते. १९६६-६७ च्या दुष्काळात तिथल्या बायांच्या हाती दोन पैसे यावेत म्हणून हस्तकलांच्या पुरस्कर्त्या पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने भिंतीवरची चित्रे कागदावर उतरवण्याचे काम सुरू झाले, ते यांच्याच हातून. मिथिलेतल्या बाया काही कमी बुजऱ्या नव्हत्या. डोईवरचा पदर ढळू न देणाऱ्या, परक्या पुरुषासमोर न येणाऱ्या घरांतल्या त्या होत्या. तरीही तिथून जगदंबा देवी पुढे आल्या, त्यांना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली. सीता देवींना १९८१ मध्ये, गंगा देवींना १९८४ मध्ये. गंगा देवींनी तर पुढे स्वतःच्या कर्करोगावरच्या उपचारांची चित्रमालिका रंगवली. माणूस तोच आणि कागदही तसाच, निकाल मात्र दोन ठिकाणी दोन. कारण मिथिलेत काम बायांसाठीच म्हणून सुरू झाले आणि कागद बायांच्या दारात गेला. डहाणूकडे तशी पक्की घडी बसलीच नाही. जंगल, शेत, पाणी, पोरे यांतून ज्याला सवड काढता आली, जो मुंबईची गाडी पकडू शकला, ज्याला बाहेरच्या माणसांशी बोलायची मुभा होती, तो पुढे गेला. बायांची भीड हे कारण नव्हते. भीड मोडायला जे करावे लागते ते आपण केले नाही.

नाव मिळाले म्हणजे सगळे मिळाले असेही नाही. दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात गंगा देवींनी रंगवलेले कोहबर घर, म्हणजे नवदांपत्याची खोली, २०१५ मध्ये नूतनीकरणाच्या कामात पुसले गेले. पद्मश्री मिळालेल्या बाईच्या भिंतीची ही गत, तर जिचे नावच नोंदलेले नाही तिच्या भिंतीला कोण वाली?

कोणी म्हणेल, हा पाड्यावरचा प्रश्न, शहरातल्या कलाजगतात आता तसे नाही. मुंबईचाच इतिहास घ्या. अंबिका धुरंधर यांनी १९३१ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतली, ऐतिहासिक विषयांवर मोठी चित्रे केली, प्रदर्शने भरवली. तरी आजही त्यांची ओळख ‘रावबहादूर धुरंधरांची कन्या’ इथून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप १९४७ मध्ये स्थापन झाला तो सहा पुरुषांचा. त्या गटाबरोबर १९५३ मध्ये चित्रे मांडणारी एकुलती एक बाई म्हणजे कोल्हापूरची भानुमती राजोपाध्ये. पुढे भानू अथय्या म्हणून वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती म्हणून आपण तिला डोक्यावर घेतले, पण चित्रकार भानुमतीचे काय झाले हे विचारायला आपल्याला तिच्या मृत्यूपर्यंत वाट पाहावी लागली. आणि २०२३ मध्ये अमृता शेरगिलचे चित्र लिलावात ६१ कोटी ८० लाखांना गेले, त्या काळापुरता तो भारतीय चित्राचा उच्चांक होता, तो दाखला कोणी तोंडावर फेकू नये. १९४१ मध्येच गेलेल्या एका चित्रकर्तीच्या चित्राला आज काय भाव आला, यावरून आज जिवंत असलेल्या, हाताने काम करणाऱ्या बाईच्या घरात काय पोचते ते कळत नाही.

मला पाड्याविषयीच बोलायचे आहे, कारण तिथे वेळ फार थोडा उरला आहे.

मागे मुंबईतल्या एका हस्तकला प्रदर्शनात वारली चित्रांच्या टेबलामागे एक जोडपे बसले होते. नवरा गिऱ्हाइकांशी बोलत होता, बायको मागे खाली बसून एका कापडावर काम करत होती. तारपा नाचाची गोलाकार रांग तिने पोटातून बाहेर अशी उलगडत आणली होती आणि एकही आकृती दुसरीला धक्का देत नव्हती. चित्र पुरे झाले, नवऱ्याने कोपऱ्यात आपले नाव घातले आणि ते टेबलावर मांडले. मी विचारले तेव्हा तो ओशाळला नाही की चिडलाही नाही. सरळ म्हणाला, “ताई, कार्ड माझ्या नावाचं, स्टॉल माझ्या नावाचा, बँकेचं खातं माझं. लोक माझं नाव सांगत येतात. तिचं नाव घातलं तर घेणार कोण?” बायकोकडे पाहिले तर ती हसून काडी पिठात बुडवत होती. मला त्या माणसाचा राग आला नाही. त्याने सांगितले ते अक्षरशः खरे होते, आणि ते खरे करून ठेवणारे आपण आहोत. आयोजक एका कुटुंबाला एक स्टॉल देतो, गिऱ्हाईक ओळखीचे नाव मागते, वर्तमानपत्र ‘अमुक कलाकार आणि त्यांची पत्नी’ असे छापते. ज्या मुलखाने १९४५ च्या वारली उठावात वेठीला नकार दिला, तिथल्या बायांचे बिननावाचे, बिनमोबदल्याचे काम आज आपल्या दिवाणखान्यात चौकटीत लटकते आहे. याला वेठ म्हणायला माझी जीभ अडखळत नाही.

आता वेळेविषयी. कुडाच्या भिंतींची घरे झपाट्याने चालली आहेत. घरकुल आले ते चांगलेच झाले, पक्के छप्पर कोणाला नको? पण सिमेंटच्या, ऑइलपेंट मारलेल्या भिंतीवर गेरू आणि पीठ धरत नाही. मग चौक कागदावर किंवा कापडावर येतो, कुठे कुठे रंगवणाऱ्या पोराला पैसे देऊन तयार करून घेतला जातो, आणि घरातल्या सवासिनी नुसत्या बघत उभ्या राहतात. बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, वाढवणचे बंदर अशी मोठी कामे याच जिल्ह्यात चालू आहेत. जमिनी जातात, पाडे हलतात, आणि ज्या चार घरांच्या बाया मिळून चौक लिहीत त्या चार दिशांना जातात. मुली आश्रमशाळेत असतात, लग्नात घरी येतात त्या पाहुण्यासारख्या. आजीच्या हाताखाली बसून रेघ शिकायला त्यांना सवडच मिळत नाही. आज सत्तरीत असलेल्या धवलेरीबरोबर तिची गाणीही जातील, आणि त्यांतली कित्येक तिच्या तोंडाखेरीज दुसरीकडे कुठेही ठेवलेली नाहीत.

एक गोष्ट बाहेरच्या माणसाने जपून बोलायला हवी, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. चौक लिहायचा मान सवासिनींचा. नवरा गेला की बाईचा चौकावरचा हात थांबतो. म्हणजे ज्या बाईने आयुष्यभर चौक लिहिले, जिच्या रेघेइतकी रेघ पंचक्रोशीत कोणाची नाही, तिला एका दिवसात उठून बाजूला बसावे लागते. हा समाजाच्या श्रद्धेचा विषय आहे. विधी बदलायचा की नाही हे वारली समाजाने, त्यातही वारली बायांनी ठरवायचे आहे. पण कागदाला सवासिनीची अट नाही. कापडाला नाही. नातींना शिकवायला तर मुळीच नाही. नावे लिहून घेताना या विधवा बायांकडे आधी जा. त्यांच्याकडे सगळ्यांत जास्त आहे आणि त्यांना सगळ्यांत कमी विचारले जाते.

आता कोणी काय करायचे, ते स्पष्टच सांगते.

पालघर जिल्ह्यातल्या ग्रामसभांनो, अधिकार तुमच्या हातात आहेत. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा हक्क देतो. एक ठराव करा. गावातल्या चौक लिहिणाऱ्या बायांची आणि धवलेरींची नोंदवही घाला. नाव, पाडा, कोणाकडून शिकली, कोणाला शिकवते, एवढे लिहिले तरी पुरे आहे. नोंदवही ग्रामपंचायतीत राहू द्या, एक प्रत शाळेत ठेवा. बाहेरच्या कुणाच्या संगणकात ती जाण्याआधी ती गावात असली पाहिजे. गाणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, पण धवलेरीला विचारून. तिने एखादे गाणे लग्नाबाहेर म्हणायचे नाही असे सांगितले, तर ते तिथेच थांबवा.

वारली तरुणांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी ही कला पॅरिस-टोकियोपर्यंत नेली आहे, त्याचा आम्हा मराठी माणसांना अभिमान आहे. तुमच्या चित्रांवर आई, बायको, बहीण यांचा हात असेल तर त्यांची सही होऊ द्या. दोन नावे घातल्याने तुमचे नाव लहान होत नाही. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून घरातल्या बाईलाही स्वतःच्या नावाने नोंदणी करता येते. हस्तकला विकास आयुक्तालयाचे ‘पहचान’ कारागीर ओळखपत्रही कुटुंबाला नसते, माणसाला असते. ते तिचे वेगळे काढा, आणि खातेही तिचे वेगळे असू द्या. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे ५७ वे कलम कलाकृतीच्या कर्त्याला आपले नाव सांगण्याचा हक्क देते, आणि चित्राचा हक्क विकला तरी हा हक्क विकला जात नाही. हे तिला तिच्या भाषेत समजावून सांगा.

प्रदर्शने भरवणाऱ्यांनो, तुम्ही मनावर घेतले तर एका हंगामात चित्र पालटेल. अर्जावर ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’ विचारू नका, चित्र करणाऱ्या प्रत्येकाचे नाव विचारा. लहान मूल घेऊन येणाऱ्या बाईला राहायला सुरक्षित जागा आणि सोबतीच्या बाईचा प्रवासखर्च द्या. पुष्कळ बाया तिथेच गळतात, आणि मग आपण म्हणतो, त्या येतच नाहीत. नगरपालिका, रेल्वे आणि मोठ्या गृहसंकुलांनी भिंती रंगवण्याचे काम ठेकेदाराला दिले असेल, तर भिंत कोण रंगवते, तिला किती मिळते, हे करारात लिहून घ्यावे आणि काम संपले की भिंतीच्या कोपऱ्यात तिचे नाव यावे. आमच्या पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांनी गणपतीच्या सजावटीला, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनी रंगमंचाच्या पडद्याला वारली चित्रे मागवताना हाच प्रश्न विचारावा. छापील नक्कल स्वस्त पडते हे मला माहीत आहे. पण ती नक्कल ज्या बाईच्या रेघेवरून होते, तिला त्यातला एक रुपयाही मिळत नाही. आणि पालघट देवीचे चित्र कृपा करून पायपुसण्यावर, चपलांवर छापू नका. ती कोणाच्या तरी लग्नाची देवी आहे.

चित्रकलेच्या शिक्षकांनो, तुम्ही मुलांना त्रिकोणावर त्रिकोण ठेवून माणूस काढायला शिकवता. त्याच तासाला हेही सांगा, की ही कला आधी बायांनी भिंतीवर लिहिली. जमले तर पालघर-डहाणूकडच्या एखाद्या सवासिनीला मानधन देऊन शाळेत बोलवा आणि मुलांसमोर तिला फळ्याजवळ उभे करा. तिने काढलेल्या चौकाखाली तिचे नाव तिच्याकडूनच लिहून घ्या. तिला लिहिता येत नसेल तर मुलांकडून लिहवा, आणि बरोबर लिहिले का ते तिला वाचून दाखवून विचारा.

पत्रकार बंधू-भगिनींनो, ‘आणि त्यांची पत्नी’ ही ओळ यापुढे छापू नका.

काही नावे मला ठाऊक आहेत. ती मी इथे छापत नाही, कारण त्या बायांना मी अजून विचारलेले नाही, आणि न विचारता नाव घालणे हाही एक प्रकारचा उद्दामपणाच. या हंगामात जिथे जिथे चौक लिहिला जाईल तिथे मी विचारणार आहे. तुम्हीही विचारा. लग्नाचे आमंत्रण असेल तर आहेराच्या पाकिटाबरोबर एक वही घेऊन जा. चौक लिहून झाला, बायांनी हात धुतले, चहा आला, की त्यांच्याजवळ बसा आणि एकेकीचे पूर्ण नाव, माहेरचे आणि सासरचे, तिच्या तोंडून लिहून घ्या. हरकत नसेल तर ती पाने दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत नेऊन द्या. पोचपावती मागा.